शेंदूर लावलेला शेगडा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी विळीला धार लावत होते. पातं शेगड्यात आवळलेलं, हातात कानस, नाकावर चष्मा. सुनेनं फोन माझ्या कानाला लावला. कळंबहून पुतण्या एवढंच म्हणाला, "काकू, अक्कात्या गेली. झोपेतच." मी बरं म्हटलं आणि उरलेली धार पुरी करायला घेतली. सून म्हणाली, "आई, आता तरी ठेवा ते... सुतक लागलं." लग्न झालेल्या नणंदेचं सुतक किती दिवस, यावर घरात चर्चा सुरू झाली. ती संपेपर्यंत माझी विळी लखलखीत झाली होती. पातं अर्धवट सोडलेलं अक्कांना मुळीच चाललं नसतं.

ज्यांना शेगडा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडाचे दोन जबडे, मध्ये आट्यांचा जाड दांडा. मूठ फिरवली की जबडे आवळतात आणि आत धरलेली वस्तू जागची हलत नाही. हल्लीची पोरं त्याला वाईस म्हणतात. अक्कांनी असे अकरा जमवले होते, त्यांतला एकही नवा नाही.

अक्का माझ्या थोरल्या नणंद. त्यांचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. त्यानं त्यांना कानस कशी चालवायची ते शिकवलं आणि लग्नाच्या तिसऱ्याच वर्षी तापानं गेला. सासरच्यांनी विचारलं, काय नेणार? अक्कांनी दागिन्यांच्या डब्याकडं पाहिलंही नाही. नवऱ्याचा शेगडा बैलगाडीत घातला आणि कळंबला माहेरी आल्या. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. कचेरीतली उर्दू जाऊन मराठी येत होती, आणि बंद पडलेल्या कारखान्यांचं लोखंड बाजाराच्या दिवशी ढिगानं यायचं. बाकीच्या बाया बांगड्यांकडं वळायच्या, अक्का त्या ढिगाकडं. मूठ हरवलेला, आटे गेलेला, जबडा तडकलेला शेगडा दिसला की त्यांच्या डोळ्यांत असं काही यायचं, की विकणाराच बिचकायचा. घरी आणून रॉकेलात बुडवायच्या, चिंचेच्या पाण्यानं गंज काढायच्या, जबड्यांच्या दात्यांतली घाण दाभणानं कोरायच्या. शेगड्यांवर इंग्रजी अक्षरं ओतलेली असायची. ती अक्कांना वाचता येत नसत, म्हणून नावं त्यांनीच ठेवलेली. नवऱ्याचा तो थोरला. बाकीचे बार्शीवाला, बहिरा, रुसक्या... रंग मात्र कधी देत नसत. "रंग दिला की तडा दिसत न्हाय," म्हणायच्या.

मी त्या घरात सून म्हणून आले तुळजापूरहून. वडिलांचं देवळाच्या वाटेवर हळद-कुंकवाचं दुकान. सातवी पास असल्यामुळं जगातलं सगळं मला कळतं, अशी माझी समजूत होती. रुखवतात वडिलांनी शेंदराचा भलामोठा डबा दिलेला. पहिल्याच खंडेनवमीला अक्कांनी सगळे शेगडे पुसून ओळीनं मांडले, प्रत्येकाला गंधाचं एक बोट लावलं आणि त्या बाजाराला गेल्या. मला ते फारच कोरडं वाटलं. आम्ही तुळजापूरचे, आम्ही काय एका बोटावर भागवणार? करडईच्या तेलात शेंदूर कालवला आणि थोरल्याला जबड्यापासून आट्यांपर्यंत असा थापला, की देवीनं वळून पाहावं. एक हात सुकला की दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. डोळेसुद्धा लावायचे होते, पण चांदीचे मिळाले नाहीत.

दसरा उलटला. वाशीकडचा एक शेतकरी कडबा कापायच्या यंत्राचं पातं घेऊन दारात उभा. अक्का मूठ फिरवताहेत आणि मूठ जागची हलत नाही. करडईचं तेल वाळून शेंदराचा दगड झाला होता. मी दाराआड.

"इंदे, भाईर ये. देवाचं तोंड उगडंना. नवस बोल काईतरी."

"अक्का, मी फक्त पूजा केली..."

"पूजा व्हय? अगं, धरायचं न् सोडायचं एवढंच त्येचं काम. तू त्येला नुस्ता बसवून ठिवलास."

तीन दिवस मी रॉकेलच्या चिंध्यांनी तो शेंदूर खरवडत होते. नखं महिनाभर लाल. तो शेतकरी रोज यायचा आणि मला दिसेल असं थोरल्याच्या पाया पडून जायचा, मेला. त्या तीन दिवसांत अक्कांनी माझ्या हातात कानस दिली. ती काही अजून सुटलेली नाही.

दोन वर्षांनी थोरल्या भाऊजींच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे ठरले. भाऊजी म्हणजे अक्कांचे थोरले भाऊ, घरात त्यांचाच शब्द. "घरातली बाई लोखंड घासती, ह्ये सोयऱ्यांनी बघायचं व्हय?" म्हणाले, आणि अक्कांना न विचारता मोडीच्या लोखंडाची गाडी सांगून आले. शेगडे तेव्हा नऊ होते. गाडी येणार त्या दुपारी अक्का मळ्यात, पुरुष जेवून आडवे झालेले. मी माझा डबा काढला. या खेपेला आटे सोडले, एवढी अक्कल आली होती. नऊच्या नऊ लालभडक केले आणि पुढ्यात झेंडूची फुलं ठेवली.

गाडीवाले दोघं आले, आत डोकावले आणि त्यांनी वहाणा काढल्या. "मालक, ह्ये तर देव हायती. आमी न्हाय हात लावणार." मी पदराआड स्वतःवर अशी खूश, की सातवीच काय, वकिलीच पास झाले होते जणू.

तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी सगळं पाहिलं, मलाही पाहिलं. वाटलं, आता पाठ थोपटतील. त्यांनी रॉकेलची चिंधी घेतली आणि सगळ्यांसमोर थोरल्याचं तोंड पुसून काढलं.

"देव न्हाय ह्यो. हत्यार हाय, माजं हाय. उचला."

गाडीवाल्यांनी बिचकत बिचकत नऊही चढवले. शेवटचा चढला तशी अक्का चाकावर पाय देऊन वर चढल्या आणि थोरल्यावर हात ठेवून बसल्या.

"ह्ये काय?" भाऊजी.

"मोडीत काडलंस न्हवं, दादा? मग समदंच ने. देवाच्या नावाखाली लपून मला न्हाय ऱ्हायचं. माजे म्हणून ऱ्हातील, न्हायतर मीबी चालले."

"उतर खाली. गल्ली बघती."

"बघू दे की. का पाव्हणे येईस्तवर थांबू?"

थोरल्या दिरांपुढं तोंड उघडायची आम्हाला मुभा नव्हती. मी उघडलंही नाही. शेंदराचा डबा काखेत मारला, पदर नाकापर्यंत ओढला आणि गाडीवर चढले. ऐटीत चढायचं होतं, पण लुगडं कशाला तरी अडकून टर्रकन फाटलं आणि मी रुसक्यावर तोंडघशी पडले. कपाळभर शेंदूर. अक्का वळल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "नीट बस. बहिऱ्याला टेक, त्यो हलत न्हाय."

भाऊजींनी दोनदा उतर म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः थोरल्याला हात घातला. नऊ शेगडे उतरेपर्यंत त्यांचं पांढरं धोतर लाल झालं होतं. मगच आम्ही उतरलो. पाहुणे आले, मुलगी पसंत पडली. निघताना मुलाच्या आजोबांनी हळूच कनवटीचा अडकित्ता अक्कांपुढं धरला... खिळा ढिला झालाय, बघता का म्हणून.

शेवटची भेट दिवाळीतली. अक्कांचे हात थरथरत होते. कसलासा कोयंडा घासायचा होता. मूठ त्यांनी माझ्या हातात दिली. "आवळ. लई न्हाय... तडकंल." बोट माझ्या मनगटावर होतं, पुरे झालं की दाबायच्या.

आम्ही कळंब सोडलं तेव्हाच थोरला त्यांनी मला देऊन टाकला, बाकीचे दहा कळंबच्या खोलीत आहेत. अक्कांचे दिवस झाले आणि मागच्या आठवड्यात पुण्याचे कुणी हौशी गृहस्थ ते पाहून गेले. चकचकीत रंग देऊन काचेमागं ठेवणार, अक्कांच्या नावाची पाटी लावणार. पुतण्यांना पटलंय. मला म्हणतात, काकू, आठवण जपली जाईल. पुन्हा शेंदूरच की हा! नुसता महाग.

थोरल्याच्या दात्यांत अजून एक लाल रेघ आहे, इतक्या वर्षांत निघालेली नाही. त्याच दात्यांत आज सकाळी मी सुनेच्या कढईचा कान धरला होता. सोमवारी कळंबला ते दहा न्यायला टेम्पो येणार आहे म्हणे. येऊ दे. सकाळची पहिली एसटी मला ठाऊक आहे. गुडघे गेलेत, म्हणून टेम्पोत चढायला स्टूल बरोबर घेतेय. टेकायला बहिरा आहेच.