दुसरी बाटली

सासूबाई मटार सोलत होत्या आणि सूनबाई घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होती. सव्वीस वर्षं सरकारी प्रदूषण खात्यात कारखान्यांचं सांडपाणी तपासणाऱ्या या सुनेला महिन्यापूर्वी घरी बसवलं होतं. पाण्याच्या नमुन्यात तिनेच काहीतरी मिसळलं, अशी एका रंगाच्या कारखान्याने तक्रार केली होती. ती खरी ठरली, तर नोकरी गेलीच म्हणायची.

दारावर थाप पडली. खात्याचा ड्रायव्हर पाकीट घेऊन उभा होता.

“मॅडम, कारखान्याच्या माणसांसमोर सील करून ठेवलेली तुमची दुसरी बाटली बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासली. आकडा पहिल्या बाटलीचाच आला, म्हणजे भेसळ नाही. सोमवारी कामावर या.”

सूनबाईने पातेलं एकदाचं खाली ठेवलं. सासूबाईंच्या जिवात जीव आला, पण जीभ कुठली गप्प बसायला.

“लोकांच्या सुना अत्तराच्या बाटल्या जपतात, आमची गटाराच्या. जपल्या म्हणून निभावलं हो.”

ड्रायव्हर हसला. “साहेबांनी विचारलंय, काही हवंय का? माफीचं पत्र वगैरे?”

सूनबाईने पदराने डोळे पुसले.

“पत्र नको. चौकशीच्या वेळी माझी नमुने काढायची बादली जमा करून घेतलीय, दोरीसकट. तेवढी परत द्यायला सांगा.”