हनुवटीखालचं निळं युकुलेले

युकुलेले, म्हणजे ते चार तारांचं चिमुकलं गिटार, वाजवणाऱ्या माणसाला, तुमचं सगळ्यात चांगलं वाद्य कुठलं, असं कधी विचारू नये. तो तासभर लाकडांच्या जाती सांगत बसतो. रोजचं कुठलं, ते विचारावं.

रविवारी सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात आम्ही चौघं जमतो. बोटीवरून निवृत्त झालेले एक काका, दातांची डॉक्टर, कॉलेजातली एक मुलगी आणि मी. काकांच्या रोजच्या युकुलेलेच्या पोटाला भली मोठी भेग आहे. ती त्यांनी होडीच्या फटी भरतात त्या लुकणाने बुजवली आहे. घरी कपाटात त्यांचं दुसरं देखणं वाद्यही आहे. "ते पाहुण्यांसाठी," काका म्हणतात. "पाहुणे गेले की हे."

माझीही दोन. एक निळं, प्लायवूडचं, लेकीला शाळेत असताना घेतलेलं. आठवड्याभरात तिचा उत्साह संपला आणि ते स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर, गाळण्यांच्या शेजारी लटकलं. दुसरं अस्सल महोगनीचं, त्याच लेकीने माझ्या पन्नाशीला दिलेलं, मखमली अस्तराच्या पेटीत. त्याला हात लावण्याआधी मी हात साबणाने धुते. त्यामुळे त्याला हात क्वचितच लागतो. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत जो काय रियाज होतो तो निळ्यावर. "कुकर तरी सुरात आहे," असं नवरा बाहेरून ओरडतो.

या घरात गाणं खरं माझ्या सासूबाईंचं. देवळातल्या बायकांच्या भजनी मंडळात पहिला अभंग त्याच उचलायच्या. श्रावणातल्या सप्ताहात भजन अखंड चालतं, वाड्यावाड्यांची मंडळं पाळीपाळीने उभी राहतात. आमच्या मंडळाच्या पाळीला आईंनी सूर लावला की आधीच्या पाळीचे पुरुषसुद्धा चहा सोडून परत आत यायचे. लग्न होऊन आले तेव्हा मीही हौसेने टाळ घेऊन उभी राहिले होते. आई म्हणाल्या, "तू टाळच वाजव हो. तोंड नुसतं हलव." तेच करत आले.

मग त्यांचे कान गेले. कानाच्या डॉक्टरांनी ठोकून कंप पावणारा एक चिमटा कानापाशी धरला. आईंना काही नाही. तोच कानामागच्या हाडाला टेकवला, तर दचकून म्हणाल्या, "आला!" डॉक्टर म्हणाले, कानातलं इवलंसं हाड आखडलंय, या वयात ऑपरेशन नको. यंत्र दिलं. त्याने बोलणं कळतं, पण टाळ सुरू झाले की आईंच्या म्हणण्याप्रमाणे डोक्यात कोणी पत्रे ओढत नेतं.

गेल्या श्रावणात त्यांनी यंत्र काढून अभंग उचलला, तो इतका वरच्या पट्टीत की मागच्या बायकांना पोचताच येईना. एकेक आवाज गळत गेला. आईंना ते ऐकू आलं नाही, दिसलं. वळून पाहिलं तर सगळ्यांची तोंडं मिटलेली. त्यांनी हातातले टाळ शेजारणीला दिले आणि त्या खांबाला टेकून बसल्या. वर्षभरात घरात गुणगुणल्यासुद्धा नाहीत. यंदा मंडळाच्या बायका विचारायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी प्रसादाचं बघेन." पहिला अभंग कोण उचलणार यावर त्या बायका अंगणात बराच वेळ कुजबुजत होत्या. आई खिडकीतून त्यांच्या तोंडांकडे बघत होत्या.

सप्ताहाला थोडे दिवस उरले असताना मी कौतुकाने महोगनीची पेटी उघडली. आत हिरवी बुरशी! मखमलीवर, वाद्यावर, पट्ट्यावर. रत्नागिरीच्या पावसाळ्यात बंद ठेवलेल्या वस्तूचं जे होतं तेच माझ्या अस्सल महोगनीचं झालं होतं. मी अगदी रडकुंडीला आले.

"अगो, चपलांना येते, तुझ्या वाद्याला नको यायला?" असं म्हणून आईंनी पदर खोचला आणि फडकं घेतलं. बुरशी पुसण्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. महोगनी पुसून झालं. निळ्यावर डागही नव्हता, रोज हाताळलेलं ना. तरी एकदा सुरू केलं म्हणून त्यांनी तेही खिळ्यावरून उतरवलं. फडकं पिळायला दोन्ही हात हवे होते. चादरीची घडी करताना बायका टोक हनुवटीखाली दाबून धरतात, तसं त्यांनी ते निळं हनुवटीखाली दाबलं. फडक्याचं टोक एका तारेला लागलं.

आई थांबल्या. फडक्यातलं पाणी पायावर ठिबकत होतं. यंत्र कानात नव्हतं, ते फळीवर होतं.

"आला," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं, दूधवाला. मग त्यांनी पुन्हा तीच तार छेडली, पुन्हा छेडली, आणि डोळे मिटून घेतले. मी जागची हलले नाही. चहा उतू गेला तो तसाच जाऊ दिला.

त्या दुपारी, कोणी बघत नाहीसं पाहून, मी दोन्ही कानांत बोटं घातली, ओट्यावर ठेवलेल्या निळ्याच्या कडेला जबडा टेकवला आणि कोपराने तार ओढली. हसण्यासारखंच दृश्य असणार. पण मी हसले नाही. आवाज बाहेरून आलाच नाही, तो माझ्या आतच होता, दातांच्या मुळांशी, कपाळामागे, जणू माझ्याच हाडांनी तो काढला होता. इतकी वर्षं हे वाद्य गाळण्यांच्या शेजारी लटकत होतं आणि त्याच्यात हे होतं!

आईंचा सूर काळी चार. मी एक तार किंचित चढवून तिथे आणली. अशा मोठ्या कामाला मोठंच वाद्य हवं म्हणून महोगनी त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते हनुवटीखाली धरलं आणि लगेच परत दिलं. "हे पडेल या धास्तीने माझी मान आखडते. त्यात कसली गाते? माझं ते निळं दे." माझं ते निळं! मी गुपचूप दिलं.

सप्ताहात आमची पाळी आली तेव्हा आई निळं युकुलेले हनुवटीखाली धरून उभ्या राहिल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "काकी, नातवाचं खेळणं आणलंत वाटतं?" आईंना ते ऐकू आलं नाही, ते एक बरं. मंडळाच्या बायकांनी टाळ छातीशी धरून ठेवले, कोणी वाजवेना.

आईंनी तार छेडली. थोडं थांबल्या. आणि सूर लावला.

तो बरोबर होता. अगदी जिथे असायचा तिथे. बायकांचा आवाज मागून असा उठला की समईची ज्योत हलल्यासारखी मला वाटली. आई प्रत्येक चरणाआधी एकदा तार छेडत, चाचपून बघितल्यासारखं, आणि पुन्हा निघत. टाळ वाजवायचे असतात हे मी विसरले. आणि भान न राहून, त्यांच्या अगदी शेजारी, वाद्याच्या भोकाशी तोंड असताना, मी गायले. तोंड हलवलं नाही, गायले.

चरण संपला. आई हनुवटी न हलवता माझ्याकडे वळल्या.

"अगो," त्या म्हणाल्या, "तू अजून बेसूरच आहेस."

यंत्र घरी फळीवर होतं. म्हणजे मी त्यांना निळ्यातून ऐकू आले होते.

माझे डोळे भरून आले. नवऱ्याला घरी सांगितलं तर तो म्हणाला, "त्याला वाद्य कशाला हवं, आख्ख्या आळीला माहीत आहे."

परवाच्या रविवारी भाट्याला काकांनी विचारलं, "आज महोगनी? तुमचं रोजचं कुठाय?"

"आईंचं झालं," मी म्हटलं, आणि हात न धुता वाजवायला बसले.