अक्कांच्या तोंडी माझं वाक्य

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही... आणि मी भयकथा लिहिते. हसायचं तर हसून घ्या. भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क आहे, जेवणाच्या सुट्टीत वहीत लिहिते, कधीमधी दिवाळी अंकात छापून येतं. वेडी बाई, पडकी विहीर, मिरच्यांची धुरी देणारा भगत — हा माझा ठरलेला मसाला. खरं वेड कसं असतं हे घरात बघूनही मी हेच लिहीत आले. आता लाज वाटते.

घरात म्हणजे साक्रीजवळच्या आमच्या गावी. माझ्या मोठ्या जाऊबाई, अक्का. त्यांना आवाज ऐकू यायचे. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या दोन वर्षं चालू होत्या आणि बाई माणसांत आली होती — स्वयंपाक करायची, एकटी बाजाराला जायची. मधे एकदा गोळ्या बंद केल्या तेव्हा चार दिवस अन्नपाण्याविना कोपऱ्यात बसून होत्या. ते मी पाहिलंय.

मागच्या श्रावणात कानबाईला, आमच्या खान्देशी देवीच्या सणाला, सगळी भावकी गावी जमली. देवीचे रोट घरच्यांनीच करायचे, घरच्यांनीच खायचे. दुपारी आम्ही बायका रोटांची कणीक मळत होतो, अक्का माझ्या शेजारी. मळता मळता त्यांचा हात थांबला आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा म्हणाल्या, "कोल्ली हीर हाक मारस... पन नाव दुसरीनं लेस."

कोरडी विहीर हाक मारते, पण नाव दुसरीचं घेते — हे वाक्य मी त्याच आठवड्यात वहीत लिहिलं होतं. वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कुलूपबंद. नवऱ्यालासुद्धा दाखवली नव्हती. आणि अक्कांना तर वाचताच येत नाही.

इथे मी माती खाल्ली. लेखकाची जात ना... स्वतःचं वाक्य ऐकलं आणि सगळ्यांदेखत बोलून गेले, की अहो हे तर माझ्या गोष्टीतलं आहे.

झालं. बायका पिठाच्या हातांनी नमस्कार करायला लागल्या. नाना — माझे थोरले दीर, अक्कांचे यजमान — ओट्यावरून उठून आत आले. गोष्टीत पुढे काय होतं, विचारलं. मी मूर्खासारखं खरं सांगितलं: बाईची औषधं विहिरीत टाकतात, भगत येतो, ती बरी होते. नानांनी तिथल्या तिथे ठरवलं. हा देवीचा कौल, उद्या विसर्जन झालं की भगताकडे जायचं, गोळ्या आजपासून बंद. गोळ्यांची डबी त्यांनी खिशात घातली. वाईट माणूस नाही हो. बायकोपायी वणवण करून थकलेला माणूस.

पण मला संताप आला. नानांचा कमी, माझा जास्त. लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे कधी मान वर केली नव्हती, त्या दिवशी पदर खोचून उभी राहिले.

"नाना, तो भगत मी ऑफिसात चहा पिता पिता बनवलाय. तो खोटा आहे. आणि अक्कांच्या अंगात खरंच कोणी असलं, तर तेही गोळी घेईल. डबी द्या."

माझा हात पुढेच होता. नानांनी खिशातून डबी काढून दिली.

अक्कांनी तांब्या उचलला. माझ्याकडे बघून हसल्या.

"दोन दे. एक मन्ही, एक तिनी."

एक माझी, एक तिची. मी एकच दिली.

अक्का आज छान आहेत. त्या दुपारचं त्यांना काही आठवत नाही. योगायोग म्हणा, आणखी काही म्हणा, मला अजून उलगडा झालेला नाही. भगतांचे पत्ते मात्र कृपा करून कळवू नका. कसं झालं हे मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून कुणाची गोळी बंद करायची नसते, एवढं पक्कं माहीत आहे.