बोटभर जागा

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सगळे बोटभर म्हणत. माणूस तसा चांगला आडदांड. नाव पडलं ते त्याच्या बाकामुळे. गिऱ्हाइकांनी बसायचं ते लाकडी बाक तो रोज सकाळी झाडलोट करताना शेजारच्या शिंप्याकडे जरासं सरकवायचा. शिंप्यानं नुसतं पाहिलं तरी म्हणायचा, "अहो, बोटभर तर सरकलंय! त्यात काय एवढं?" असं बोटाबोटानं ते बाक शिंप्याच्या दारात जाऊन बसलं होतं. शिंपी बिचारा आपल्याच दुकानात आडवा होऊन शिरायचा.

भांडायची त्याची सोय नव्हती. त्याचा आजा नदीपलीकडून आलेला. शिंपी याच गल्लीत जन्मला, इथंच त्याला टक्कल पडलं, तरी गल्लीला तो अजून 'पलीकडचा'च.

आणि एक दिवस आपल्या सैन्यानं नदी ओलांडली, टेकडीपर्यंतचा मुलूख घेतला. बोटभरनं दुकानावर झेंडा लावला, दाढ्या फुकट केल्या. टेकडीमागच्या सरकारनं चिडून इकडं येणारा माल अडवला. नेमकी ब्लेडं तिकडूनच यायची. मग बोथट ब्लेडानंच फुकटच्या दाढ्या सुरू झाल्या. कुणाच्या गालाला रक्त आलं की बोटभर म्हणायचा, "देशासाठी एवढं सोसा की!"

पोस्टमनची दाढी अर्धी झाली असताना बोटभरची थोरली बहीण दारात उभी राहिली. तिला पलीकडं दिली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, तोंडावर धूळ.

"अक्का!" बोटभर वस्तऱ्यासकट धावला. "आपण जिंकलो! आता तू आमची झालीस!"

अक्कानं ट्रंक खाली आदळली. "इतके दिवस तुझी बहीण होते, ते कमी पडत होतं का रे?"

"तसं नव्हे गं…"

"आणि जिंकलास म्हणजे? माझ्यावर पैज लावली होतीस?"

पोस्टमन फेसातून फिसकन हसला.

मग अक्कानं सांगितलं ते ऐकून कुणी हसलं नाही. तिच्या घरात सैनिकांनी चौकी केली होती. "आधी म्हणाले, मावशी, ओसरीवर जरा टेकतो. मग स्वयंपाकघरात आले. मग म्हणाले, तुमची खाट मधे येते."

बोटभरच्या जिभेला हाड कुठलं! सवयीनं बोलून गेला, "बोटभर जागा लागली असेल गं बिचाऱ्यांना."

अक्कानं त्याच्याकडं पाहिलं. बाकाकडं पाहिलं. मग शिंप्याच्या दाराकडं.

"एकाच माळेचे मणी," ती म्हणाली. "त्यांच्या बुटांना पॉलिश असतं, एवढाच फरक."

शिंपी हळूच म्हणाला, "ताई, आमच्याकडं या. फक्त जरा आडवं व्हावं लागेल."

अक्का आडवी झाली, आत गेली, ती तिथंच राहिली.

बोटभरला जेवण जाईना. आई अंथरुणाला खिळली तेव्हा याच अक्कानं त्याला कडेवर वागवलं होतं. त्यात बायको उठता-बसता टोमणे मारायची, "टेकडी आली आणि नणंद गेली! सख्खी बहीण शेजाऱ्याच्या ताटात जेवते आणि तुम्ही झेंड्याला इस्त्री करताय!"

शेवटी तो शिंप्याच्या दारात जाऊन उभा राहिला. "घरी चल, अक्का."

"बसायला जागा आहे तुझ्याकडं?"

"हे काय, एवढं मोठं बाक आहे!"

"ते या दादांच्या दारात आहे. तुझ्या दारात ने, मग येते."

बाकावर पोस्टमन पेपर वाचत होता. बोटभरनं त्याच्यासकट बाक ओढलं. बोटभर.

"अजून," आतून आवाज आला.

"अगं, आता तर…"

"अजून!"

"अहो, मला उतरू तरी द्या!" पोस्टमन ओरडला.

बाक न्हाव्याच्या दारात गेलं, तेव्हाच तो आवाज थांबला. अक्का ट्रंक घेऊन सरळ चालत बाहेर आली. आडवी झाली नाही. बाकावर ऐसपैस बसली. शिंप्यानं आपल्या उंबऱ्यातून दोनदा आत-बाहेर करून पाहिलं.

बोटभर तिच्या पायाशी टेकला. "अक्का, आपण चौकीवर जाऊ या का? तू असंच 'अजून, अजून' म्हण. ते पण सरकतील."

"जाऊ या," अक्का म्हणाली. "पण भरवसा धरू नकोस. तुला लहानपणी मी बदडलेलं आहे. त्यांना कुणी बदडलंय?"