शेवेच्या रश्शातला दुधी

माझं माहेर जळगावचं आहे आणि मला वांगं आवडत नाही.

हे वाक्य पुण्यात सांगितलं तर समोरचा माणूस ‘हो का?’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळतो. जळगावात सांगितलं तर आधी बसायला खुर्ची देतात, मग पाणी देतात, मग हळूच विचारतात, “कधीपासून होतंय असं?” थंडी पडली की आमच्याकडे शेताशेतांतून तुरीच्या वाळक्या तुराट्यांवर वांगी भाजली जातात, परातीच्या पराती भरीत होतं आणि सगळं गणगोत त्यावर तुटून पडतं. मी मात्र एका कोपऱ्यात बसून पुरीबरोबर मिरचीचा ठेचा खात असे आणि येणारीजाणारी प्रत्येक मावशी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघत असे.

बरं, एकट्या वांग्याशीच माझं वाकडं असतं तर निभावलं असतं. पण गिलकं (पुण्यातलं घोसाळं), दोडका, दुधी, कारलं, पडवळ, ढेमसं, मेथी, पालक... यांतल्या कुणाशीच माझं कधी जमलं नाही. मला चालतो तो बटाटा. कांदा चालतो. टोमॅटो चालतो, पण त्याने रश्शात विरघळून जावं, तोंड दाखवू नये. आणि या सगळ्यांच्या वर, देव्हाऱ्यात ठेवावी अशी एक गोष्ट म्हणजे शेवभाजी! काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, वर लाल तर्री आणि त्यात जाड तिखट शेव. जगात दुसरी भाजी नसती तरी माझं काही अडलं नसतं.

लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सासूबाईंना (त्यांना सगळे अक्का म्हणतात, त्या साक्रीकडच्या, घरात अहिराणीच बोलतात) हा प्रकार पहिल्याच जेवणाला कळला.

“काय माय, जळगावनी पोर शे ना तू? नि वांगं नही खास?”

“नाही हो अक्का.”

“गिलकं?”

“नाही.”

“मंग काय खास? दगडं?”

तरी मी घरच्यांसाठी सगळ्या भाज्या बिनतक्रार करते. फक्त चव घेऊन बघत नाही. मीठ बरोबर आहे का, ते प्रकाश बघतो. (प्रकाश म्हणजे माझा नवरा. अक्कांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते.) संसार असा मिठाच्या भरवशावर छान चालला होता.

आणि मग मला चक्कर आली. शाळेत, आठवीच्या वर्गात, फळ्यावर ‘संतुलित आहार’ असं लिहिता लिहिता. मी विज्ञान शिकवते.

ज्या डॉक्टरणीकडे नेलं, ती निघाली माझीच विद्यार्थिनी. रक्ताचा रिपोर्ट बघून तिने चष्मा काढला आणि म्हणाली, “मॅडम, अंगात रक्त नाहीये. पालेभाज्या खाता ना?”

मी छताकडे बघितलं.

“मॅडम, पालेभाज्यांत लोह असतं. तुम्हीच शिकवलंय. मी उत्तर चुकवलं होतं म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतंत मला.”

गोळ्या घेऊन मी घरी आले आणि मनाशी पक्कं ठरवलं, आता खायच्या भाज्या. अगदी मनापासून ठरवलं हो! सकाळी दुधीचा रस प्यायला घेतला. तो तोंडापर्यंत गेला, पण तोंड उघडेना. दुपारी गिलक्याच्या फोडी एकेक करून पाण्याबरोबर गिळायला लागले, तर माझी लेक मुग्धा म्हणाली, “आई, ती गोळी नाहीये. गिलकं चावायचं असतं.” चावलं. डोळ्यांतून पाणी आलं. अक्का मायेनं म्हणाल्या, “खाई ले माय, खाई ले,” आणि मी उठून अंगणात गेले. पालकाच्या वेळी तर प्रकाशने मला गोष्ट सांगायला घेतली होती. खरंच! एका घासाला एक वाक्य!

आठवडाभरात मी हात टेकले. “मला नाही जमणार. गोळ्या घेईन, इंजेक्शनं घेईन, पण हे नाही,” असं सांगून टाकलं. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण तिघंही शांतपणे ‘बरं’ म्हणाली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्या घरात ‘बरं’ हा शब्द तापाच्या चौकशीशिवाय कुणी वापरत नाही.

त्यानंतरच्या दिवसांत माझा शेवेचा रस्सा जरा दाट व्हायला लागला. मी त्याचं श्रेय नव्या खोबऱ्याला दिलं.

अशातच मुग्धाचं लग्न ठरायची वेळ आली. ठरायची म्हणजे, तिने आणि सौरभने आपापसांत ते केव्हाच ठरवलं होतं. आता आईवडलांना फक्त ‘पसंत आहे’ एवढं म्हणायचं होतं. सौरभ जळगावचा, तिच्याच ऑफिसातला. त्याचे आईवडील रविवारी जेवायला येणार होते.

“आई,” आदल्या दिवशी मुग्धा म्हणाली, “एक विनंती आहे. सौरभच्या आईंना भाज्यांचं भयंकर वेड आहे. गच्चीवर लावतात, पोत्यांत लावतात, जुन्या बादल्यांत लावतात. तू भाज्या खात नाहीस हे त्यांना सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू?”

“आणि तोंड वाकडं करू नकोस.”

“माझं तोंड आहेच असं!”

त्यांच्यासाठी भरली गिलकी, मेथी, काकडीची कोशिंबीर, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी असा बेत केला. आणि ज्यासाठी माझी उभ्या धुळ्यात ख्याती आहे, तो शेवेचा रस्सा मोठं पातेलंभर केला. कांदा-खोबरं भाजून, वाटून, तेल सुटेपर्यंत परतून अशी काही तर्री आणली की माझं मलाच भरून आलं. पातेलं मंद आचेवर ठेवून मी साडी नेसायला गेले.

निऱ्या घालता घालता कानावर येत होतं. आधी प्रकाश स्वयंपाकघरात गेला. “पाणी पितो गं!” मग अक्का गेल्या. “नैवेद्य काढस.” मग मुग्धा. “आई, मी ताटं पुसते!” मध्येच दोनदा मिक्सरही फिरला. मला काय कौतुक वाटलं! म्हटलं, लेकीच्या लग्नाच्या निमित्ताने का होईना, घर कामाला लागलं.

बाहेर येऊन झाकण काढलं. मी गेले तेव्हा रस्सा पातेल्याच्या गळ्यापर्यंत होता. आता तो काठोकाठ होता! क्षणभर मी चरकले. पण मग मनात आलं, उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे मीच तर शिकवते. रंग मात्र समजेना. तांबडा नाही, हिरवा नाही, जांभळाही नाही. पावसाळ्यात पांझरा नदीला येतो तसा काहीतरी. पळी टाकली तर ती उभी राहिली.

“अहो! रश्शाला काय झालंय बघा!”

प्रकाशने पातेल्यात न बघताच सांगितलं, “मसाला मुरलाय.”

“वास बी चांगला शे,” अक्का लांबूनच म्हणाल्या.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. आता करणार काय? दोन चमचे तिखट, वर गरम तेलाची फोडणी, मूठभर कोथिंबीर आणि देवाचं नाव!

सौरभची आई मालतीताई आत आल्या त्याच मुळी पिशवीभर गिलकी घेऊन. “घरची आहेत. फवारणी नाही, काही नाही. नुसती वाफवून खा, मीठसुद्धा लागत नाही.” मी त्या पिशवीकडे बघून असं काही हसले की मुग्धाने मागून चिमटा काढला. मालतीताईंचे यजमान वसंतराव बोलले नाहीत. भाज्यांचा विषय निघाला की त्यांची नजर जमिनीकडे जात होती.

जेवायला बसलो. मालतीताईंनी विचारलं, “तुमच्याकडे सगळ्या भाज्या खातात ना? आमच्याकडे यांना रोज एक पालेभाजी खायला लावते. तासभर लागतो, पण खातात.”

“सगळ्या खातात!” मी म्हणाले. अक्कांना ठसका लागला.

मी आपली शेव आणि रस्सा घेतला. आणि काय सांगू, रंग गेला खड्ड्यात, चव झकास होती! जरा गोडसर, जरा मऊ, पण तिखटाने सगळं सांभाळून घेतलं होतं. मी वाटी संपवून दुसरी घेतली. मालतीताईंनी एक घास घेतला आणि त्या थांबल्या. जिभेवर रस्सा घोळवला. डोळे मिटले.

“ताई, यात काय घातलंय?”

“नेहमीचंच. कांदा, खोबरं, काळा मसाला.”

“नाही. यात दुधी आहे.”

मी हसले. “दुधी? छे हो! शेवेच्या रश्शात दुधी म्हणजे...”

“आणि पालक आहे.”

“अहो ताई, मी स्वतः केलाय! या रश्शात पाल्याचं एक पान जरी निघालं ना, तर मी हे नाव...”

“आणि बीट,” मालतीताई म्हणाल्या.

मी एकेकाकडे बघायला लागले. प्रकाश कोशिंबिरीतली मोहरी निरखत होता.

“अहो?”

“थोडाच पालक होता,” प्रकाश म्हणाला. “रोज वाटीभर घालत होतो. आज पातेलं मोठं, म्हणून दोन जुड्या.”

“पालक तू टाकेल शे?” अक्का ओरडल्या. “मी तर दुधी टाकेल शे!”

“आजी, तूसुद्धा?” मुग्धा किंचाळली. “मला वाटलं मी एकटीच घालतेय! मी बीट घालत होते!”

“मला तरी सांगायचंस!” प्रकाश तिला म्हणाला.

“बाबा, तुमच्या पोटात काही राहतं का?”

“म्हणजे मना दुधी वाया गया!” अक्कांचा स्वर रडवेला झाला. “कवळा दुधी व्हता वं माय!”

“अक्का, हळू, पाहुणे आहेत,” मी दातांवर दात ठेवून म्हणाले. पण अक्का आता थांबणार नव्हत्या. त्या मालतीताईंकडेच वळल्या, “तुम्हीच सांगा ताई. ही पोर भाजीले हात नही लावस. अंगमा रगत नही. मंग काय करानं?”

झालं! ‘सगळ्या भाज्या खाणारं घर’ ताटावरच कोसळलं. मुग्धाचा चेहरा पडला. सौरभ भाकरीकडे बघत बसला. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. आपल्या जिभेच्या लाडापायी लेकीचं जमलेलं मोडतंय की काय, असं वाटलं. त्यात हातातली दुसरी वाटी लख्ख रिकामी! ती लपवायला तरी जागा कुठे होती?

तेवढ्यात एक वाटी पुढे आली.

“वहिनी,” वसंतराव म्हणाले, “रस्सा आणखी मिळेल का?”

ते आल्यापासून बोललेलं हे पहिलं वाक्य. मालतीताई गर्रकन वळल्या.

“तिसऱ्यांदा घेताय?”

“चांगला झालाय.”

“अहो, त्यात पालक आहे. दुधी आहे!”

“असेल. मला शेवेचीच चव लागतेय.”

मालतीताई आपल्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग पातेल्याकडे. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता उठणार. त्या खरोखरच उठल्या, पण माझ्याजवळ येऊन बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, दुधी आधी उकडायचा की कच्चाच वाटायचा?”

“मला कसं माहीत असणार हो?” मी म्हणाले. “त्यांना विचारा!”

मग काय, अक्का, प्रकाश आणि मालतीताई स्वयंपाकघरात गेले ते तासभर बाहेरच आले नाहीत. पालकाचं प्रमाण किती, बिटाचा रंग कशाने मारायचा, कारलं खपेल का, यावर चर्चा झडली. (कारल्याचं नाव ऐकून मी आणि वसंतरावांनी एकमेकांकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं, ते सख्ख्या भावाबहिणींतही नसतं.) लग्नाचं बोलणं मुग्धा आणि सौरभनेच बाहेर बसून उरकलं. निघताना मालतीताई म्हणाल्या, “घर आवडलं आम्हाला. माणसं काळजी घेतात एकमेकांची, न सांगता.”

आता आमच्याकडे तह झाला आहे. रश्शात काय घालायचं ते त्यांनी घालावं, पण मला सांगू नये. सांगितलं की मला चव लागते. म्हणून मिक्सर सुरू झाला की मी बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवते. रिपोर्ट सुधारला आहे. चक्कर येत नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या बंगल्यात नवी मंडळी राहायला आली. त्यांच्या सूनबाई परवा कुंपणापाशी उभ्या राहून प्रकाशला म्हणाल्या, “काका, तुमच्याकडे लहान बाळ आहे वाटतं? रोज भाज्या उकडून, वाटून, गाळताना दिसता.”

“आहे ना,” प्रकाश म्हणाला. “पण तसं फार लहान नाही. शाळेत जातं.”

“अय्या! कितवीत?”

“आठवी, नववी, दहावी,” प्रकाशने सांगितलं. “तिन्ही वर्गांना विज्ञान शिकवतं.”