डाव्या हाताची ॲपल फ्रिटर्स

"सफरचंदं सडतील."

दवाखान्यात तीन दिवसांनी तोंड उघडलं, तेव्हा आक्का पहिलं हे बोलली.

आक्का म्हणजे सुनीता, माझी थोरली बहीण. आज तिला जाऊन वर्ष झालं.

आम्ही मूळचे लातूरकडचे. आक्का चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत अकरा वर्षं लाइनवर होती. दाजी दुसऱ्या एका कंपनीची बस चालवतात. लेक ऋतुजा, तेव्हा दहा वर्षांची.

ऋतुजानं मोबाइलवर ॲपल फ्रिटर्सचा व्हिडिओ बघितला होता. सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळायच्या, वरून दालचिनी आणि पिठीसाखर. आपली भजीच की, फक्त गोड.

"मम्मी, घरी कर ना."

"रविवारी करू," आक्का म्हणाली. सफरचंदं आणून ठेवली.

शनिवारी फर्स्ट शिफ्टला, लाइनवरच, तिच्या उजव्या हातातलं सगळं गळून पडलं. मग तोंड वाकडं झालं. मग ती स्वतःच कोसळली.

पॅरालिसिसचा अटॅक. वय एकेचाळीस.

सफरचंदं सडली नाहीत. मी शेजारी वाटून टाकली.

जीव वाचला. बोलणं सुधारलं, पायही हळूहळू चालायला लागला. उजवा हात मात्र उठला नाही.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, "ताई, सगळ्यात आधी स्वतःच्या हातानं काय करावंसं वाटतं?"

"ॲपल फ्रिटर्स."

मॅडमना वाटलं, अजून शब्दांची गडबड होतेय. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "नाही मॅडम, बरोबर बोलतेय ती."

घरी येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "एखाद्या बेकरीतून आणतो की मी."

"लेकीला शब्द कुणी दिला? तू का मी?"

"तू."

"मग गप बस."

डाव्या हातात सुरी बसायला दोन महिने गेले. पण सफरचंद धरणार कोण? ते ओट्यावरून पळायचं. एकदा पार फ्रीजखाली गेलं. ऋतुजा धरायला धावली तर आक्का ओरडली, "सोड! मी काढते." आणि खरंच, जमिनीवर बसून, झाडूच्या दांड्यानं काढलं.

माझं भोसरीला फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. मी एक फळी केली. तिच्यातून तीन खिळे उलटे वर काढले. सफरचंद त्यावर रोवलं की हलत नाही, एका हातानं कापता येतं. कढई सरकू नये म्हणून गॅसवर बसणारी एक लोखंडी रिंगही केली.

आक्कानं फळी उलटसुलट बघितली.

"गंजतील की खिळे."

"स्टेनलेसचे आहेत गं."

"मग ठीक."

झालं. एवढंच कौतुक!

खरं भांडण तेलावरून झालं. ती कढई ठेवायची, दाजी येऊन गॅस बंद करायचे.

"अंगावर तेल उडालं तर?"

"उडू द्या. अजून किती दिवस सोफ्यावर बसवून ठेवणार मला?"

दाजी गॅलरीत जाऊन उभे राहिले. आतून वास कसला येतोय त्याकडे सगळं लक्ष.

पहिल्या खेपेला पीठ तेलात, सफरचंद वेगळं. दुसऱ्या खेपेला तेच. आक्का दोन दिवस विचार करत बसली. मग तिला कळलं, चकत्या ओल्या असतात म्हणून पीठ धरत नाही. आधी पुसायच्या, कोरड्या मैद्यात घोळवायच्या, मग पिठात. ते मैद्याचं पीठही तिनं थोडं घट्ट केलं, त्यात चमचाभर तांदळाचं पीठ घातलं.

हे तिला कुठल्या व्हिडिओनं सांगितलं नव्हतं.

अटॅकनंतर सातव्या महिन्यात, एका रविवारी, तिनं ताट भरून फ्रिटर्स केली. काही काळी, काही गोरी. मनगटावर तेलानं भाजल्याचा एक डाग. आम्ही सगळे ऋतुजाच्या तोंडाकडे बघत बसलो.

ऋतुजानं एक खाल्लं. दुसरं उचललं, अर्धं खाऊन थांबली.

"मम्मी, हे आतून कच्चंय."

दाजींनी तिच्याकडे असं बघितलं, की बस.

आक्का खळखळून हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. "आण इकडं, परत तळते," म्हणाली, आणि उठली.

पुढच्या महिन्यात ती कंपनीत गेली. सोबत मी. साहेब भला माणूस होता, पण म्हणाला, "ताई, तुम्ही आराम करा ना."

"आराम झाला साहेब. तपासणीच्या टेबलावर बसवा. एक दिवस बघा. जमलं नाही तर मीच येणार नाही."

त्यांनी आठ दिवस बघितलं. मग तिचं जनरल शिफ्टचं कार्ड निघालं.

त्या दिवशी गेटबाहेर चहा पिताना ती मला म्हणाली, "दवाखान्यात तू ह्यांना काय म्हणालास, ते ऐकलं होतं मी."

मी गारच पडलो.

तिसऱ्या दिवशी, तिच्या कॉटशेजारी उभं राहून, मी दाजींना म्हणालो होतो, "आता हिच्या हातून काही होणार नाही. ऋतुजाला गावी आईकडं पाठवून देऊ." मला वाटलं होतं, आक्का झोपलीय.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "चहा पी. गार होतोय."

माफी राहूनच गेली.

त्यानंतर दहा महिने तिनं एकही खाडा केला नाही. मग एका सकाळी कंपनीची बस पकडायला निघाली, डबा हातात, आणि जिन्यातच बसली. दाजी धावले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. दुसरा अटॅक.

आज वर्षश्राद्धाला नातेवाईक जमले होते. जेवणं झाल्यावर एक काका म्हणाले, "बापाची ड्युटी अशी. पोरगी वयात येतीय. गावीच बरी."

दाजी खाली बघत बसले. ऋतुजा दारात उभी होती. सगळं ऐकत होती.

ह्या वेळी मी बोललो. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"ऋतुजा चाकणलाच राहणार, इथंच शिकणार. दाजींची ड्युटी असेल तेव्हा मी आणि माझी बायको आहोत. हा विषय ह्या घरात परत निघणार नाही."

आक्का, मी चुकलो होतो. तेव्हा म्हणायचं होतं, आज म्हणतोय.

लेकीची काळजी सोड. आता नीट आराम कर.

तुझ्या धाकट्या भावाचा तुला नमस्कार.