दोन बोटं सैल

हल्ली तणाव मनाला येतो. माझ्या तरुणपणी ताण असे तो करवतीच्या दोरीला, नाही तर विहिरीच्या दोराला. तंबूच्या दोरीला तर तणावाच म्हणत. माणसाला फार तर काळजी लागे.

तेव्हा मी कर्जतच्या शाळेत मास्तर होतो. भिसेगावातल्या एका गृहस्थांना इंग्रज सरकारने रावसाहेब केले. आदल्या आठवड्यापर्यंत ते नुसते शेजारी होते. लगेच सत्कार समिती निघाली आणि मी तिचा चिटणीस झालो. तंबू खालापूरच्या एका म्हाताऱ्या मुसलमानाचा होता. आम्ही त्याला चाचा म्हणत असू. तंबू त्याच्या बापाच्या वेळचा. लग्नसराईत त्याच्यावरच घर चाले.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी तंबू उभा राहिला, तसा चाचा एकेक तणावा सोडू लागला.

"हे काय चाललंय?" समितीच्या अध्यक्षांनी विचारले.

"दोन बोटं सैल करतो, साहेब. रातचं दव पडतं. भिजली का दोरी आवळते. तंबूला पन जरा पाठ टेकू द्या."

"उद्या पाहुणे गाडीतून उतरून हा पोक काढलेला तंबू बघणार? आवळ."

चाचा माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी तरी सांगा."

दवाने माझ्या अंगणातली कपड्यांची दोरी कशी ताठ होते, ते मी रोज सकाळी पाहत होतो. मी म्हणालो, "अध्यक्ष म्हणतात तसं करा."

सकाळी पाहतो तो खुंट्या उपटलेल्या, मधला खांब मोडलेला आणि कापड टोकापर्यंत फाटलेले. सत्कार शाळेच्या ओसरीवर उरकला. भाषणे मात्र तंबूच्याच मापाची झाली. "कुजका तंबू आणला," अध्यक्ष येईल त्याला सांगत होते, "पुन्हा कुणी बोलावू नका त्याला." मी शेजारीच उभा होतो. माझ्या हातात आभाराचा कागद होता. त्यातली चाचाची ओळ गाळून मी तो वाचला.

त्या लग्नसराईत चाचाला कुणी बोलावले नाही. पुढच्या हिवाळ्यात तो खालापूरच्या बाजारात पेंढा विकताना दिसला. भारे तणाव्यांच्या तुकड्यांनी बांधलेले होते.

"सलाम, मास्तर. बरं हाय ना?" त्याने पूर्वीसारखेच विचारले.

विचारले नसते तर बरे झाले असते.